चौदा नंबर आणि अधिक महिना

मराठी मंडळातलं कुणी पहिल्यांदा लतिकाच्या फार्मवर आलं की एक ठरलेला प्रश्न येतोच. "दूध किती देतात हो तुमच्या गाई?" त्यावर लतिकाचं उत्तरही ठरलेलं. "मला? एक थेंब नाही." आणि समोरच्याचा पडलेला चेहरा बघायला ती क्षणभर थांबते. तिला त्यात मजा येते. तिचा नवरा विनय पंधरा वर्षं ही गंमत बघतोय, पण अजून एकदाही त्याने मध्ये तोंड घातलेलं नाही.

दूध सगळं वासराचं. चहाचं दूध लतिका तुमच्याआमच्यासारखं दुकानातून कॅनमध्ये आणते. मॉरिसव्हिलपासून सव्वा तासावर, नॉर्थ कॅरोलिनाच्या चढउताराच्या कुरणांत तिच्या साठ तांबड्या गाई चरतात, आणि या गाई मांसाच्या जातीच्या आहेत. हे ती लपवत नाही. पहिल्या वर्षी एका गृहस्थांनी ते ऐकून हातातलं ताट खाली ठेवलं होतं. "म्हणजे तुम्ही कापायला पाळता?" लतिका म्हणाली, "शेवटी तिथेच जातात. पण तोपर्यंत मी त्यांना तुमच्या कुत्र्यापेक्षा बरी वागवते." ते गृहस्थ परत आले नाहीत. बाकीचे येत राहिले, कारण मोकळं आकाश, मोकळं कुरण आणि मुलांना दाखवायला खरी गाय हे मॉरिसव्हिलच्या टाउनहाउसांच्या रांगांत कुठून मिळणार?

लतिका मूळची परभणीची. तिथे पशुवैद्यकाचं शिक्षण, मग इथे पीएचडी, मग दहा वर्षं एका कंपनीत एसीत बसून गाईंच्या आकडेवारीचे तक्ते. एक दिवस तिला त्या तक्त्यांचा भयंकर राग आला. सगळे तक्ते वजनाचे! वासरू किती भरलं, किती भराभर वाढलं, किती पौंड उतरलं. अरे, पण त्याला जन्म कुणी दिला? ते थंडीत उभं कुणी केलं? याचा रकाना कुठाय? नोकरी सोडून तिने हे कुरण घेतलं, आणि त्या रकान्याचाच धंदा केला. तिचा माल म्हणजे आया. आसपासचे गुराखी तिच्याकडून कालवडी नेतात, वळू नेतात, कारण त्यांच्या पोटी ज्या गाई निपजतात त्या मार्चच्या चिखलात, कुणी जवळ नसताना, गुपचूप व्यायतात, वासराला चाटून कोरडं करतात आणि अर्ध्या तासात सडाशी लावतात. पेंडीची पोती लागत नाहीत. गवतावर जगायचं आणि गवतावर जगवायचं.

हे सगळं उभं आहे एका नियमावर. जूनमध्ये वळू गाईंत पंचेचाळीस दिवस सोडायचा. तेवढ्यात जी गाभण राहिली नाही, ती ऑक्टोबरच्या तपासणीनंतरच्या सोमवारी कळपातून गेली. मग ती कितीही देखणी असो, कितीही लाडकी असो. एक घाव दोन तुकडे. आपण ठेवलेली प्रत्येक रिकामी गाय म्हणजे गिऱ्हाइकाला सांगितलेलं खोटं, असं लतिका म्हणते. तिच्या जीन्सच्या मागच्या खिशात एक लाल डायरी असते. प्रत्येक गाईपुढे तीन शब्द, तेही मराठीत: "स्वतः. उठलं. प्यायलं." म्हणजे गाय आपली आपण व्यायली, वासरू उठलं, दूध प्यायलं. आणि गेलेल्या गाईपुढे "गेली", आणि पुढे कारण. कारण लिहिल्याशिवाय ओळ पुरी होत नाही.

गाईंना ती नावं देत नाही, नंबर देते. पण चौदा नंबरला नाव पडलं होतं, तांबू. ते ठेवलं मंडळाच्या सुवर्णाने. सुवर्णा म्हणजे मंडळाची सगळी कामं अंगावर घेणारी आणि ती दुसऱ्याकडून करून घेणारी बाई. आठ वर्षांपूर्वी तिच्या डोक्यात आलं की वसुबारस चांदीच्या गाईवर किती दिवस भागवायची? आपल्या लतिकाकडे साठ सवत्स धेनू उभ्या आहेत! तेव्हापासून दर दिवाळीला गाड्यांची रांग फार्मवर लागायची. बायका पैठण्यांवर जॅकेटं चढवून, पायांत गमबूट घालून कुरणात उतरायच्या. चौदा नंबरच्या पायांवर पाणी, कपाळाला हळदकुंकू, पुढ्यात उडदाचे वडे. चौदा नंबर देवासारखी उभी राहायची. फ्लॅश उडवा, आरत्या म्हणा, पोरांनी शेपटी ओढा, हूं की चूं नाही. "किती गरीब गं ही," असं सगळ्यांनी म्हणायचं. नंतर बाजरीची भाकरी, गवारीची भाजी आणि बिनदुधाचा चहा, कारण त्या दिवशी दूध वासराचं. लतिकाला हे फार आवडायचं. "तुम्ही एक दिवस पाळता, मी वर्षभर पाळते," असं ती दर वर्षी ऐकवायची, आणि दर वर्षी लोक नव्याने हसायचे.

तर त्या ऑक्टोबरात काय झालं, ते सांगायचंय.

तपासणीच्या दिवशी गाई एकेक करून लोखंडी पिंजऱ्यात येत होत्या. तपासायला नेहमीची डॉक्टर, मिस बेकर, खांद्यापर्यंत हातमोजा चढवून उभी. लतिकाला स्वतःला हे काम झोपेतही येईल, पण आपल्या गाईचा निकाल आपण लावायचा नाही, हाही तिचा एक नियम. गाय गाभण असली की डॉक्टर "ब्रेड" म्हणायची, रिकामी असली की "ओपन", आणि लतिका डायरीत खूण करायची. अठ्ठावीस, एकतीस, सात. मग चौदा आली. डॉक्टरने हात घातला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"ओपन," ती म्हणाली.

"परत बघ."

डॉक्टरने परत बघितलं. "ओपन आहे, लतिका. सॉरी."

लतिकाने डायरी दातांत धरली, भिंतीवरचा दुसरा हातमोजा ओढून चढवला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा स्वतः हात घातला. आत काही नव्हतं. हात बाहेर काढून तिने हातमोजा उतरवला आणि डायरी उघडली. दहा वर्षांची गाय, नऊ वर्षांत नऊ वासरं, प्रत्येकापुढे स्वतः, उठलं, प्यायलं. तिच्या तीन लेकी याच कळपात. तिचे गोऱ्हे चार काउंटींत वळू म्हणून फिरताहेत. आणि ती रिकामी!

संध्याकाळी विनय ऑफिसातून आला तेव्हा लतिका स्वयंपाकघरात डायऱ्यांचा ढीग घेऊन बसली होती.

"अगं, एक एक्सेप्शन कर ना," विनय म्हणाला. "नऊ वासरं दिलीत तिने. कोणाला कळणारे?"

"मला कळणारे."

"बरं, निदान वसुबारसेपर्यंत? अठ्ठावीस तारीख तर आहे. सुवर्णाकडे एकशे चाळीस जणांनी नावं दिलीत."

"विनय, तू गप्प बस."

विनय गप्प बसला. त्याचं लग्न टिकण्याचं हे एक मोठं कारण आहे.

लतिका शोधत होती कारण. गाय अशी उगीच रिकामी राहत नाही. रोग नव्हता, रक्त तपासलेलं होतं. वळू तोच, बाकीच्या गाई गाभण. ती एकेक पान मागे जात राहिली. मार्च: चौदा, स्वतः, उठलं, प्यायलं, आणि शेजारी तिच्याच अक्षरात, "बारीक वाटते." जानेवारी: "चौदा, बरगड्या दिसतात." मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. तिथे तिचं बोट थांबलं.

दर वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती वासरं आईपासून तोडते. सात महिन्यांची होतात, गवत खातात, आईला मोकळं करायचं. मोकळी झालेली गाय शरदातल्या गवतावर अंग भरते आणि त्या अंगावर हिवाळा काढते. फक्त चौदा नंबरचं वासरू वसुबारसेसाठी आणखी दोनतीन आठवडे आईपाशी ठेवलं जायचं. सवत्स धेनू म्हटल्यावर वत्स नको का? दोनतीन आठवड्यांनी काही बिघडत नव्हतं. पण मागच्या वर्षी अधिक श्रावण आला होता. सगळे सण पुढे गेले आणि वसुबारस आली नऊ नोव्हेंबरला. त्यात पाऊस नाही, गवत करपलेलं. आणि ते सहाशे पौंडांचं घोड्याएवढं खोंड आणखी पाच आठवडे त्या माउलीला लुचत राहिलं, बायकांना फोटोत वासरू हवं म्हणून. गाय खंगली, खंगलेल्या अंगाने हिवाळा काढला, खंगलेल्या अंगाने व्यायली, आणि जूनमध्ये वळू आला तेव्हा तिचं शरीर म्हणालं, बाई, आता नाही.

गाईला अधिक महिना कुठून कळणार? पण लतिकाला कळत होता ना! भिंतीवर कालनिर्णय, खिशात डायरी, डोक्यात पीएचडी. तिने डायरी मिटली आणि ती मोठ्याने रडली, मुसमुसून वगैरे नाही, चांगली भोकाड पसरून. विनय दारात येऊन उभा राहिला.

"ती नाही रे नापास झाली," लतिका म्हणाली. "मी झाले."

"मग तर ठेवूच," विनय म्हणाला.

इथे कुणीही ठेवली असती. तुम्ही ठेवली असती, मीही. पण लतिकाने नाक पुसलं आणि मान हलवली. कारण चांगलं असलं की नियम वाकतो, आणि कारणं काय, दर वर्षी प्रत्येक गाईसाठी एक चांगलं सापडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चौदा नंबरचं वासरू तोडलं. आणि सुवर्णाला फोन लावला.

"या वर्षी इथे वसुबारस होणार नाही."

"काय? अगं, वड्यांची ऑर्डर गेलीये! लतिका, यू कान्ट डू धिस."

लतिकाने सगळं सांगितलं. अधिक महिना, वासरू, बरगड्या, सगळं. मग सुवर्णा म्हणाली, "पण तिथी म्हणजे तिथी. ती काय आपल्या हातात आहे?"

आता मात्र लतिकाचा पारा चढला. "तिथी? सुवर्णा, आपला गणपती वीकेंडला येतो. आपली कोजागिरी पार्किंग मिळेल त्या शनिवारी होते. संक्रांत तर मागच्या वर्षी फेब्रुवारीत केलीस, हॉल मिळाला नाही म्हणून! सगळ्या जगाची सोय बघितली, फक्त गाईच्याच वेळी तुम्हाला पंचांग आठवलं. आणि मीही मूर्ख, मीही काही बोलले नाही."

सुवर्णाने फोन ठेवला. म्हणजे आपटला असता, पण आताच्या फोनला ती सोय नाही. त्या वर्षी मंडळाची वसुबारस क्लबहाउसात रांगोळीच्या गाईवर झाली. लतिका आणि विनयला बोलावणं नव्हतं.

पण त्याआधी सोमवार आला. लिलावाला जाणाऱ्या गाई न्यायला ट्रेलर घेऊन शेजारचा हॉवर्ड यायचा. हॉवर्ड पंचाहत्तरचा, काळ्या गाई पाळणारा, मोजकं बोलणारा. रस्त्यापलीकडचं कुरण त्याचं. पंधरा वर्षं लतिकाने त्याला ऐकवलं होतं, की म्हाताऱ्या रिकाम्या गाई तू दयेपोटी ठेवतोस आणि तुझा कळप बिघडतो. तो ऐकून घ्यायचा आणि ठेवायचा.

ट्रेलरच्या दाराशी चौदा नंबर उभी बघून त्याने टोपी मागे सारली. "ही? हिला काय झालं?"

वय झालं, असं सांगून लतिकाला सुटता आलं असतं. तोंडाशी आलंच होतं. पण आपल्या गाईबद्दल तिने आजवर खोटं सांगितलं नव्हतं. "हिला काही झालं नाही, हॉवर्ड. चूक माझी आहे," ती म्हणाली, आणि त्याला सगळं सांगितलं. चंद्राचं कॅलेंडर, जादाचा महिना, पूजा. हॉवर्डने कधी अधिक महिना ऐकला नव्हता, पण खंगलेली गाय त्याने पुष्कळ बघितली होती.

"माझा वळू डिसेंबरात सुटतो," तो शेवटी म्हणाला. त्याच्या गाई सप्टेंबरात व्यायतात, लतिकाच्या मार्चात. "दोन महिने चरेल, अंग भरेल. लिलावात देतील तेवढे मी देतो. तुझ्या कळपातून गेली म्हणजे गेलीच ना? नियम मोडत नाही तुझा."

"नाही राहिली गाभण तर?"

"तर माझ्याकडे अशा चार आहेतच," हॉवर्ड म्हणाला. "तुला माहीतच आहे."

इतक्या वर्षांत त्याने मारलेला हा पहिला टोमणा. लतिका हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ट्रेलर लिलावाकडे न वळता रस्ता ओलांडून पलीकडे गेला. डायरीत तिने लिहिलं, "चौदा. गेली." आणि कारणाची जागा कोरी राहिली. हात उचललाच नाही.

वसंतात तिचा वळूंचा सेल होता. चौदा नंबरचा एक गोऱ्हा यादीत होता, सगळ्यांत चांगला. त्याच्या आईच्या नावापुढे लतिकाने छापलं: नऊ वासरं, दहाव्या वेळी रिकामी, कळपातून गेली, दोष मालकिणीचा. विनय म्हणाला, अगं, असं कोणी छापतं का? एका म्हाताऱ्या गुराख्याने तेवढी ओळ दोनदा वाचली आणि तोच वळू घेतला. जाताना म्हणाला, "सगळ्यांच्या याद्यांत सगळ्या गाई चांगल्या असतात. ही एकच खरी वाटली." लतिका आठवडाभर त्या वाक्यावर चालत होती.

सप्टेंबरच्या मध्यावर हॉवर्डचा फोन आला. "तुझी तांबडी व्यायली. मी झोपलो होतो." त्याच्या भाषेत याहून मोठी स्तुती नाही.

लतिकाने त्याच दिवशी सुवर्णाला फोन केला. वर्षभर दोघींचं बोलणं नव्हतं. "वसुबारस सतरा ऑक्टोबरला आहे," ती म्हणाली. "रस्त्यापलीकडे एक खरी सवत्स धेनू आहे. वासरू महिन्याचं असेल. कुणाला अडवून ठेवायला नको, कुणाचं अंग झिजवायला नको. येतेस?"

"वडे किती आणू?" सुवर्णाने विचारलं.

सतरा तारखेला हॉवर्डच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली. पैठण्या, जॅकेटं, गमबूट. पोरं त्याला "हॉवर्ड काका" म्हणत त्याच्या ट्रॅक्टरवर चढली होती. टेकाडाखाली तांबू उभी होती, काळ्या गाईंत एकटी तांबडी, अंगाने भरलेली, तुळतुळीत. तिच्या पायांपाशी गुडघ्याएवढी तांबूस काळी कालवड. बायकांनी एका सुरात "अय्या!" केलं. सहाशे पौंडांच्या खोंडाला आजवर कुणी अय्या केलं नव्हतं.

"चला," सुवर्णा ताम्हन घेऊन निघाली. "गरीब आहे आपली तांबू."

"थांब. आधी मी जाते," लतिका म्हणाली. अकरा वर्षांची ओळख होती. ती हलक्या पावलांनी पुढे गेली, नेहमीसारखं चुचकारत, हात पुढे करून. वीस पावलांवर तांबूने मान वर केली. पंधरा पावलांवर ती कालवडीच्या आणि लतिकाच्या मध्ये आली. लतिकाने आणखी एक पाऊल टाकलं. तांबूने डोकं खाली घातलं, नाकातून एक फुत्कार टाकला आणि पुढच्या पायाने माती उकरली. ओळख? कसली ओळख? इथून पुढे यायचं नाही, बाई, तू कुणीही अस.

मागे बायकांत कुजबुज झाली. "अगं बाई, हिला काय झालं? किती गरीब होती!"

लतिका एकेक पाऊल मागे सरकत आली. इतकी वर्षं फ्लॅश उडत असताना ही गाय देवासारखी का उभी राहायची, ते आता तिला कळलं. त्या घोड्याएवढ्या खोंडाचा हिला कंटाळा आलेला असायचा. पूजा ज्या आईची करायला हे सगळे येत होते, ती आई आज पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी होती. कुंपणाशी येईपर्यंत लतिकाचे गाल ओले झाले होते आणि ती हसत होती.

"सगळ्या कुंपणाबाहेर," ती म्हणाली. "पाणी नाही, कुंकू नाही, हात लावायचा नाही. आज आरती इथूनच."

"अगं, पण पूजा—" सुवर्णाने तोंड उघडलं, टेकाडाखाली बघितलं, आणि मिटलं. तिने ताम्हनातलं निरांजन कुंपणाच्या खांबावर ठेवून लावलं. एकशे चाळीस जण तारेपाशी ओळीने उभे राहिले. हॉवर्डने टोपी काढून छातीशी धरली. आरती सुरू झाली तशी कालवड आईच्या पोटाखाली शिरून ढुशा देत पिऊ लागली, आणि तांबू सगळ्यांकडे रोखून बघत उभी राहिली.

लतिकाने खिशातून डायरी काढली, जुनी, मागच्या वर्षीची. चौदा नंबरचं पान उघडलं. "गेली," आणि पुढे कोरी जागा. तिथे तिने लिहिलं, "चूक लतिकाची." आणि त्याखाली, आता ही गाय आपली नाही, हे पक्कं माहीत असूनही, बारीक अक्षरात नेहमीचे तीन शब्द: "स्वतः. उठलं. प्यायलं."